देवचाफ्याच्या नावातला साधू

दसऱ्याला सोनं म्हणून आपण ज्याची पानं वाटतो तो आपटा. पावसाळ्यात ज्याच्या पानांची भजी तळतात तो केना. ज्याच्या कच्च्या फळांचं लोणचं घालतात ते भोकर. कुंपणाशी लाल-पिवळ्या तुऱ्यांनी फुलणारा शंकासूर, वैद्यांची सर्पगंधा, देवळामागचा देवचाफा आणि फुलवालीच्या टोपलीत वेगळा जपून ठेवलेला सोनचाफा. या सातही झाडांच्या शास्त्रीय नावांचा माग काढत गेलं, की दर वेळी एकाच माणसापाशी येऊन थांबावं लागतं. सहा झाडांच्या नावातला पहिला शब्द त्यानं घडवला, आणि सातव्याला, म्हणजे देवचाफ्याला, त्याचं स्वतःचं नाव मिळालं. हा माणूस भारतात कधी आला नाही. त्याची सारी पायपीट झाली ती कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर, सतराव्या शतकाच्या अखेरीस.

त्याचं नाव शार्ल प्लुमिए. देवचाफ्याची प्रजाती ‘प्लुमेरिया’ म्हणून ओळखली जाते ती त्याच्यामुळे.

प्लुमिएकडे वळण्याआधी आपल्या ‘चाफा’ या शब्दाकडे बघायला हवं, कारण नावं ठेवण्याची रीत आपल्याकडेही होती आणि ती फार देखणी होती. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा. सगळ्यांत ‘चाफा’ कायम आणि पुढे ओळखीचा एकेक शब्द. जणू एका आडनावाची सहा भावंडं. वनस्पतिशास्त्रातलं नावही असंच दोन शब्दांचं असतं, फक्त तिथे आडनाव आधी येतं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा जातीचा, म्हणजे त्या घरातल्या एका माणसाचा. ‘प्लुमेरिया रुब्रा’ म्हणजे प्लुमेरियांच्या घरातली रुब्रा.

फरक आहे तो घराणं कशावरून ठरवायचं यात. आपल्या आजी-पणजींनी ते सुवासावरून आणि मनात उमटणाऱ्या भावावरून ठरवलं. ज्या फुलाचा वास घरभर दरवळतो, जे देवाला वाहावंसं वाटतं, ते चाफ्याचं. वनस्पतिशास्त्रज्ञ फूल उघडून आत बघतो. सोनचाफ्याच्या पाकळ्या बऱ्याच, एकमेकींपासून सुट्या, आणि मध्ये एका दांड्यावर पुंकेसर-स्त्रीकेसर गोल गोल चढत गेलेले. फळांचा घोस लागतो आणि एकेक फळ उकललं की आतून लालसर बी डोकावते. देवचाफ्याच्या पाकळ्या मोजून पाच, खाली जुळून त्यांची नळी झालेली, आणि कळीत एकमेकींवर पीळ घातल्यासारख्या गुंडाळलेल्या. म्हणून उमललेलं फूल भिरभिऱ्यासारखं दिसतं. फांदी मोडली की पांढरा चीक वाहतो. हा चीक कातडीला चुरचुरतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. याच चिकावरून घराणं कळतं: कण्हेर, सदाफुली, सातवीण, सर्पगंधा ही देवचाफ्याची खरी भाऊबंद. सोनचाफा या घराचा कुणीच नाही.

बाकीच्या चाफ्यांचंही तसंच. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा आल्याच्या, नागचाफा उंडी-सुरंगीच्या. कवठी चाफा तेवढा सोनचाफ्याच्या घरचा, आणि हिरवा चाफा त्याचा लांबचा पाहुणा. म्हणजे चाफा या एका नावाखाली आपण चार-पाच परकी कुळं मांडीला मांडी लावून बसवली आहेत. यात आपलं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्या नावाचं काम वेगळं होतं आणि ते त्यानं चोख केलं. पण दुसऱ्या देशातल्या माणसाशी याच झाडाबद्दल बोलायचं झालं, तर ते पुरत नाही. त्यासाठी आतली रचना बघणारं नाव लागतं.

आता प्लुमिए. त्याचा जन्म १६४६ सालचा, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेय शहरातला. सोळाव्या वर्षी तो मिनिम नावाच्या पंथात दाखल झाला. कॅथलिक साधूंमध्ये हा पंथ कडक समजला जाई. मांस तर नाहीच, पण अंडी, दूध, लोणीही आयुष्यभर वर्ज्य. म्हणून त्याला साधू म्हणायला मला संकोच वाटत नाही. तो गणित शिकला, चित्रकलेत तरबेज झाला आणि लाकडावरच्या खरादकामात इतका रमला की त्या कलेवर त्यानं १७०१ साली एक सचित्र पुस्तकच लिहिलं. हात असा घडलेला असल्यामुळेच त्याची वनस्पतींची चित्रं इतकी अचूक उतरली असावीत, असं ती बघताना जाणवत राहतं. रेघ कुठे थरथरत नाही.

झाडांचं वेड त्याला रोममध्ये लागलं. परत आल्यावर तो आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र तूर्नफोर याच्याबरोबर दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे डोंगर पालथे घालत हिंडला. १६८९ साली राजा चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून त्याला कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांवर पाठवण्यात आलं. सोबत मार्सेयचाच वैद्य सुरियाँ होता. पहिली सफर इतकी फळली की प्लुमिएला राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद मिळालं, आणि पुढे १६९३ आणि १६९५ मध्ये तो पुन्हा त्या बेटांवर गेला. मार्तिनिक, ग्वाडलुप, आणि ज्याच्या पश्चिम भागात आज हैती आहे ते मोठं बेट, हा त्याचा मुलूख. १७०४ साली चौथ्यांदा निघाला तो पेरूला, हिवतापावर गुणकारी ठरलेल्या सिंकोना झाडाच्या शोधात. पण जहाज सुटण्याआधीच स्पेनमधल्या कादिझजवळच्या बंदरात आजारी पडून वारला. मागे राहिली ती सुमारे ६,००० चित्रं, त्यातली चार हजारांच्या घरातली वनस्पतींची.

बेटांवर त्याच्यासमोर उभी असलेली अडचण आपल्याला आज चटकन कळत नाही. युरोपातल्या वनस्पतींची नावं ग्रीक-रोमन ग्रंथांपासून चालत आलेली होती. इथे डोंगरच्या डोंगर अशा झाडांनी भरलेले, जी त्या ग्रंथांत नाहीतच. आणि त्या काळी नाव म्हणजे एक वर्णनच असे. हैती आहे त्या बेटावर त्याला एक झुडूप सापडलं, तीन-तीन पानांचं, लोंबत्या लालभडक फुलांचं. त्याचं नाव त्यानं लिहिलं त्याचा अर्थ असा: ‘त्रिपर्णी, शेंदरी फुलाची फुक्सिया’. दुसरी तशीच वनस्पती मिळाली की वर्णन आणखी लांबवायचं. ही वर्णनं पाठ करणं अशक्य होतं. पण मूळ लॅटिन नावातला पहिला शब्द, फुक्सिया, तो टिकाऊ निघाला. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या आठवणीसाठी प्लुमिएनं तो घडवला होता. आज साडीच्या दुकानात गडद राणी रंगाला ‘फुशिया’ म्हणतात तेव्हा त्याच वैद्याचं नाव घेतलं जात असतं.

१७०३ साली त्यानं अमेरिकेतल्या नव्या प्रजातींचं पुस्तक छापलं. सुमारे शंभर प्रजाती, आणि त्यातल्या कितीतरींना आधीच्या वनस्पती-अभ्यासकांची नावं. माणसांची नावं झाडांना देणं अगदीच नवं नव्हतं, पण इतक्या सढळ हातानं आणि इतक्या पद्धतशीरपणे ते आधी कुणी केलं नव्हतं. आपल्या सुरुवातीच्या यादीत परत जाऊ. भोकराची प्रजाती ‘कॉर्डिया’ ही वालेरियुस कॉर्डुस या जर्मन अभ्यासकाची, जो तिशीही न गाठता रोममध्ये वारला. शंकासुराची ‘सीझाल्पिनिया’ इटलीच्या आंद्रेआ चेझाल्पिनोची. सर्पगंधेची ‘रौव्होल्फिया’ लिओनहार्ट राउवोल्फची. हा वैद्य १५७०च्या दशकात अरबस्तानाकडच्या शहरांतून हिंडला आणि तिथे लोक कॉफी पितात हे त्यानं युरोपला सांगितलं. बाग सजवणारा ‘बिगोनिया’ मिशेल बेगाँ या सरकारी अधिकाऱ्याचा, ज्यानं प्लुमिएची शिफारस राजाकडे केली होती. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळावर नाजूक गुलाबी फुलांचे रानबिगोनिये उगवतात, त्यांच्याही नावात हाच अधिकारी बसलेला आहे.

आपटा आणि केना यांच्या नावांमागची गंमत तर मुद्दाम सांगायला हवी. आपट्याची प्रजाती ‘बाउहिनिया’. (अलीकडे काही अभ्यासक आपट्याला तिच्यातून काढून वेगळ्या प्रजातीत ठेवतात, कांचन मात्र तिच्यातच आहे.) बाउहिन हे बाझेल शहराशी नातं असलेले दोन सख्खे भाऊ, दोघंही मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यानं १७३७ साली नावांच्या शास्त्रावर लिहिताना म्हटलं, की एकाच देठावर जुळलेली दोन पानं असावीत तसं हे पान या दोघा भावांना किती शोभून दिसतं. यंदा दसऱ्याला आपट्याचं पान हातात येईल तेव्हा मधल्या घडीवर बोट फिरवून बघा. केन्याची ‘कॉमेलिना’ डच कॉमेलिन घराण्याची. केन्याच्या फुलात दोन पाकळ्या निळ्या, ठसठशीत, तिसरी लहान आणि फिकट. लिनियस म्हणतो, दोन पाकळ्या म्हणजे नावाजलेले दोन कॉमेलिन, आणि तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच गेलेला तिसरा. रानभाजीच्या फुलात कुणाच्या तरी अकाली मरणाची नोंद आहे, हे वाचल्यापासून केना खुडताना माझा हात क्षणभर थांबतो.

प्लुमिएनं स्वतःचं नाव कुठल्याच झाडाला दिलं नाही. ते काम त्याच्या मित्रानं केलं. बेटांवरच्या कोरड्या उतारांवर वाढणारं एक झाड: जाड, गुळगुळीत फांद्या, टोकाशी पानांचा झुबका, कोरड्या ऋतूत सगळी पानं गळून नुसते हात वर केल्यासारखा सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर सुवासिक फुलांचे गुच्छ. तूर्नफोरनं त्याला ‘प्लुमेरिया’ म्हटलं. प्लुमिएनंही मित्राचं ऋण ठेवलं नाही. त्यानं एका प्रजातीला ‘पित्तोनिया’ नाव दिलं, कारण तूर्नफोरचं पूर्ण नाव जोझेफ पित्तों द तूर्नफोर. लिनियसनं पुढे ते बदलून ‘तूर्नफोर्तिया’ केलं. सफरीतल्या सोबत्यालाही प्लुमिए विसरला नाही: समुद्राच्या वाळूत तग धरणारं ‘सुरियाना’ हे झुडूप त्या सुरियाँ वैद्याचं.

मग आजच्या पुस्तकांत प्लुमेरिया या नावापुढे श्रेय लिनियसचं का लिहितात? कारण नियमासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते. वनस्पतींच्या नावांची ती रेघ १ मे १७५३ ही आहे, लिनियसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथाची मानलेली तारीख. त्याआधीची नावं, मग ती कितीही चांगली असोत, कायद्यानं मोजली जात नाहीत. लिनियसनं जी उचलली ती जगली, आणि कागदोपत्री त्याची झाली. त्या ग्रंथात त्यानं प्लुमेरियाच्या तीन जाती नोंदल्या: रुब्रा, आल्बा आणि ऑब्टुझा.

एक अक्षर मात्र वाटेत हरवलं. प्लुमिएच्या नावातल्या ‘मि’चा नीट मान राखला, तर प्रजाती ‘प्लुमिएरा’ व्हायला हवी होती. नंतरच्या कित्येक अभ्यासकांनी तसं दुरुस्त करून लिहिलंही, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत हे रूप तुम्हाला आढळेल. पण नियम सांगतो की पहिल्यांदा वैधपणे छापलं गेलं ते स्पेलिंग ठेवायचं. मनाला पटेल तसं सुधारायचं नाही. नाही तर प्रत्येक पिढी आपापल्या परीनं सुधारत बसेल आणि नाव स्थिर राहणार नाही. म्हणून ज्याचा सन्मान करायचा त्याचंच नाव किंचित चुकलेलं, आणि ती चूकच आता अधिकृत.

आता तुमच्या अंगणातला देवचाफा नेमका कोणता, याकडे येऊ, कारण इथे फार गोंधळ होतो. रुब्रा म्हणजे लाल, आल्बा म्हणजे पांढरा. मग आपला पांढरा, पिवळ्या गळ्याचा देवचाफा आल्बा असणार असं कुणालाही वाटेल, आणि पुष्कळ बागांतल्या पाट्यांवर तसं लिहिलेलंही असतं. तो बहुतेक वेळा रुब्रा असतो. रुब्रा या एकाच जातीत लाल, गुलाबी, पिवळी, पांढरी सगळी फुलं येतात. लिनियससमोर जो नमुना होता तो लाल, म्हणून नाव लाल पडलं. रंग सोडून द्या आणि पानाचं टोक बघा. टोक निमुळतं असेल आणि हिवाळ्यात पानं झडत असतील, तर रुब्रा. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर कडेचा. टोक बोथट, गोलसर, पान गडद आणि चकचकीत, झाड बहुतेक वर्षभर हिरवं, फूल शुभ्र, तर ऑब्टुझा. त्या शब्दाचा अर्थच बोथट. तो क्युबा, जमैका, बहामा अशा बेटांकडचा. खरा आल्बा पूर्वेकडच्या लहान बेटांवरचा. त्याची पानं अरुंद आणि कडा खाली वळलेल्या. आपल्या बागांत तो विरळा.

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्लुमेरिया आपल्या सोसायट्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला भराभर पसरला आहे. फुलं पांढरीशुभ्र, वर्षातले बरेच महिने, आणि पान टोकाशी रुंद, नागाच्या फणीसारखं. हा प्लुमेरिया पुडिका, पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएलाचा. काही रोपवाटिकांत पानाच्या आकारामुळे त्याला ‘नागचाफा’ म्हणून विकतात. खरा नागचाफा वेगळा, संथ वाढणारा, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा मोठा वृक्ष. एकाच नावाची दोन झाडं अशी शेजारी आली, की पुढच्या पिढीला खरा नागचाफा कोणता हे कळणं अवघड होईल. रोप घेताना शास्त्रीय नाव विचारून घ्यावं ते यासाठी.

प्लुमेरियाच्या एकूण जाती किती? याचं उत्तर मोजणाऱ्यावर अवलंबून राहिलेलं आहे. बेटांचा स्वभावच तसा. मध्ये समुद्र, बिया पंखांच्या असल्या तरी वाऱ्यावर फार लांब न जाणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक बेटावरचं झाड थोडं वेगळं होत गेलं: कुठे पान अरुंद, कुठे खालून लव, कुठे टोकाला खाच. या प्रत्येक फरकाला कुणी ना कुणी नवी जात म्हटलं आणि नावांची गर्दी झाली. १९३८ साली रॉबर्ट वुडसन या अमेरिकन अभ्यासकानं ती सारी चाळून सातच जाती उरवल्या. आजच्या याद्यांत संख्या पुन्हा पंधरा-वीसच्या आसपास आहे. इथे कुणी बरोबर आणि कुणी चूक असं नाही. दोन बेटांवरच्या झाडांत किती अंतर पडलं म्हणजे त्यांना वेगळं म्हणायचं, हा निसर्गानं आखून न दिलेला प्रश्न आहे.

फुलाबद्दल एक गोष्ट राहून जायला नको. देवचाफ्याचा वास रात्री वाढतो, हे आपण अनुभवलेलं असतं. तो वास हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगांसाठी असतो. लांब सोंडेचा पतंग मधाच्या आशेनं एकेका नळीत सोंड घालतो आणि तेवढ्यात परागकण इकडून तिकडे जातात. पण नळीत मध नसतोच. इतका सुवास, आणि आत देण्यासारखं काही नाही. आपल्याकडे देवचाफ्याला बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग क्वचितच दिसते. त्याचा सगळा प्रसार फांदीनं झालेला आहे.

आणि फांद्या काय फिरल्या आहेत! मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत या फुलाला ‘काकालोशोचित्ल’ म्हणत, म्हणजे कावळ्याचं फूल. स्पॅनिश गलबतं अकापुल्को बंदरातून फिलिपिन्सला जात, आणि फिलिपिन्समध्ये या झाडाचं नाव आहे ‘कलाचुची’. झालेला प्रवास शब्दातच ऐकू येतो. तिथून पुढे मात्र प्रत्येकानं त्याला जिथून आलं असं वाटलं तिथलं नाव दिलं. इंडोनेशियात ते ‘कंबोजा’, म्हणजे कंबोडियाचं. बालीत ‘जेपुन’, म्हणजे जपानचं. हवाईत बोथट पानाच्या जातीला ‘सिंगापूर’ म्हणतात, कारण तिथल्या बागेतून ती आणली गेली. हवाईचे फुलांचे हार जगाला ठाऊक झाले ते या फुलामुळे, आणि हे झाड तिथे पोचलं १८६०च्या सुमारास. थायलंडमध्ये जुनं नाव ‘लांथोम’ होतं. ते दुःखाच्या शब्दासारखं ऐकू येतं म्हणून लोक घराजवळ लावायला कचरत. मग नवं नाव रुळलं, ‘लीलावदी’, आपलं लीलावती. आणि लाओसमध्ये, जिथे ते राष्ट्रीय फूल आहे, त्याला ‘डोक चम्पा’ म्हणतात, चाफ्याचं फूल. म्हणजे सोनचाफ्याचं जुनं नाव या परक्या पाहुण्याला देऊन टाकण्याची कल्पना केवळ आपल्यालाच सुचली नव्हती.

युरोपातलं ‘फ्रँजिपानी’ हे नाव तर वासावरून उलटं आलेलं आहे. फ्रांजिपाने या इटालियन सरदार घराण्यातल्या कुणीतरी हातमोज्यांना लावायचं अत्तर तयार केलं होतं, असं सांगतात. अत्तर आधी प्रसिद्ध झालं, आणि बेटांवरचं फूल हुंगल्यावर लोकांना ते आठवलं.

आता सोनचाफ्याकडे यायला हवं, कारण या साऱ्या गोष्टीचा मला सर्वांत प्रिय भाग तिथे आहे. मार्तिनिकच्या पावसाळी डोंगरात प्लुमिएला एक मोठा वृक्ष दिसला, भल्यामोठ्या पांढऱ्या फुलांचा. त्यानं त्याला ‘मॅग्नोलिया’ म्हटलं, माँपेलिए शहरातल्या पिएर माग्नोलच्या नावानं. हा माग्नोल प्रोटेस्टंट असल्यामुळे वर्षानुवर्षं पद नाकारला गेलेला विद्वान. वनस्पतींची माणसांसारखी कुटुंबं असतात हा विचार त्यानं १६८९ साली मांडला. म्हणजे आज आपण ‘अमुक झाड अमुक कुळातलं’ असं जे म्हणतो, त्याच्या मुळाशी हाच माणूस आहे. पुढे लिनियसनं मॅग्नोलिया हे नाव उत्तर अमेरिकेतल्या एका झाडाला दिलं, मार्तिनिकचं आणि ते एकच समजून. दोन्ही वेगळी आहेत हे नंतर उघड झाल्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ ज्युसिएनं १७८९ साली बेटावरच्या झाडासाठी तिथल्या लोकांचाच शब्द घेतला आणि ‘तालौमा’ अशी नवी प्रजाती केली. सोनचाफ्याला लिनियसनं तिसरीच प्रजाती दिली होती, ‘मिशेलिया’, फ्लॉरेन्सच्या मिकेली या अभ्यासकाची. म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत सोनचाफा ‘मिशेलिया चंपका’ म्हणून भेटतो.

दोनशे वर्षांनी डीएनए तपासायची सोय झाली, आणि दिसलं की मॅग्नोलिया, तालौमा, मिशेलिया या तीन भिंती खोट्या आहेत, घर एकच आहे. आता बहुतेक अभ्यासक तिघांनाही मॅग्नोलियाच म्हणतात. चीनमधले काहीजण मिशेलिया वेगळी ठेवतात. मार्तिनिकचा वृक्ष तीनशे वर्षांनी प्लुमिएनं दिलेल्या नावात परतला. आणि आपला सोनचाफा झाला ‘मॅग्नोलिया चंपका’. एक चाफा प्लुमिएच्या नावाचा, दुसऱ्याचं नाव प्लुमिएनं घडवलेलं. आपण ज्या दोन झाडांना केवळ सुवासासाठी एका नावात बांधलं, त्यांची शास्त्रीय नावं एकाच माणसाच्या झोळीतून आली, त्याच बेटांवरून.

यात एक बोच आहे आणि ती लपवू नये. तालौमा हा त्या बेटांवरचा शब्द होता. घरं एक झाल्यावर प्रजातीच्या जागेवरून तो गेला. प्लुमिए ज्या बेटांवर हिंडला तिथे तेव्हा उसाचे मळे पसरत होते, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं त्यात राबत होती, आणि मूळचे कालिनागो लोक मागे हटत होते. त्या साऱ्यांकडे त्या झाडांची नावं होती. लिनियसचं स्पष्ट मत होतं की प्रजातीचं नाव ग्रीक किंवा लॅटिन वळणाचं असावं. इतर भाषांतले शब्द तिथे नकोत. युरोपातल्या अभ्यासकांची नावं मात्र त्याला चालत. त्यामुळे त्या बेटांवरच्या शंभर प्रजातींत माँपेलिए, बाझेल, फ्लॉरेन्स इथली माणसं सापडतात, मार्तिनिकची सापडत नाहीत.

सोनचाफ्याच्या नावात आपला शब्द टिकला तो दुसऱ्या जागेवर होता म्हणून. लिनियसपर्यंत तो पोचवला केरळातल्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्तुस मलाबारिकस’ या १२ खंडांच्या ग्रंथानं. डच अधिकारी व्हान ऱ्हीडनं तो १६७८ ते १६९३ या काळात छापून घेतला, म्हणजे प्लुमिए बेटांवर हिंडत होता त्याच्या आगेमागे. पण त्यात माहिती देणाऱ्यांची नावं आहेत: इट्टी अच्युतन हा केरळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोंकणी भाषक. या तिघांनी आपलं निवेदन नागरी लिपीत लिहून दिलं आणि ते तसंच पहिल्या खंडात छापलं गेलं. त्याच खंडात ‘चंपकम्’चं चित्र आहे. केन्याच्या नावातल्या कॉमेलिनांपैकी थोरल्यानं, यान कॉमेलिननं, याच ग्रंथाच्या काही खंडांवर टिपणं लिहिली होती.

परवा शेजारच्या काकूंनी देवचाफ्याची फांदी मागितली. हातभर लांबीची, जून झालेली कापून दिली. लगेच लावू नका, आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, चीक पूर्ण सुकू द्या, नाहीतर कुजेल, असं सांगितलं. मग एका कागदाच्या चिठ्ठीवर ‘देवचाफा, प्लुमेरिया रुब्रा’ असं लिहून ती सुतळीनं फांदीला बांधली. काकूंनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, ‘‘हा प्लुमेरिया कोण रे?’’ त्यांच्या ओट्यावर बसून मी मार्सेयपासून सुरुवात केली.